मावशी ओरडत नाही

८ जानेवारी

तोंड बंद ठेवायले सांगितलं म्हणून लिहून राहिली. नाहीतर मी अन् लिहिणं? चौथीत शाळा सुटली. त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे ठेल्यावरच्या पाटीवर खडूनं भाजीचा भाव. ही डायरी माझ्या पोरीच्या, पिंकीच्या बाबांची आहे. ते शाळेची व्हॅन चालवतात, शाळेवाले दरवर्षी एक देतात. प्रत्येक पानावर वरती इंग्रजीत काहीतरी शहाणपण छापलेलं आहे. मले वाचता येत नाही ते बरंच आहे.

गोष्ट अशी. मी प्रताप नगरात भाजीचा ठेला फिरवते. ओरडते. पालक घ्या, मेथी घ्या, सांबार घ्या. तिसऱ्या माळ्यावरच्या बायका खिडकी न उघडता सांगतात, आज प्रेमिलानं काय आणलं ते. परवा एक मुग्धा मॅडम खाली उतरून आली. मले वाटलं झोपमोड होते म्हणून भांडायले आली. मी कमरेवर हात ठेवून तयारच होती.

ती म्हणे, "काकू, तुमचा आवाज हवा आहे."

मी म्हटलं, "अन् पालक नको?"

मागच्या गल्लीत तिचं हापिस आहे. बाहेरदेशच्या कंपनीसाठी ते लोक आवाज गोळा करतात. मशीनले बोलणं शिकवायचं म्हणे. पुण्या-मुंबईचं बोलणं मशीनले येते, आपलं येत नाही. "ऐकणाऱ्याला घरचं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे," असं ती म्हणाली. मी म्हटलं, घरचं माणूस पाहिजे तर घरच्या माणसाले विचारा ना. ती हसली. पैसे बरे आहेत. उन्हाळ्याआधी नवा कुलर येऊन जाईल.

अट एकच. काम संपेपर्यंत घसा जपायचा. ठेला बंद, भांडण बंद, घरी बोलणं लागेल तेवढंच.

पिंकीचे बाबा जेवताना म्हणाले, "कंपनी चांगली आहे."

बोलायची मनाई होती म्हणून नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. तेही पुष्कळ होते.

११ जानेवारी

त्या खोलीले आतून गादी लावलेली आहे. भिंतीले गादी, दरवाजाले गादी, वर छताले पण. आत बसून बोललं की आवाज पुढं जातच नाही. तोंडापाशीच विरघळून जाते, पाण्यात मीठ टाकल्यासारखा. जन्मभर माझा आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाऊन आला. इथे त्याले जायले जागाच नाही. पहिल्या दिवशी मले रडू येईल असं वाटलं. काहून ते नाही समजलं.

कागदावरची वाक्यं अशी की एकाची दुसऱ्याशी सोयरीक नाही. आज ऊन फार आहे. पोटात दुखते का? डाळीत कोथिंबीर टाक. पाणी पुरते का?

कोथिंबीर वाचायच्या जागी मी सांबार वाचलं. पुन्हा वाचलं, पुन्हा सांबार. डोळे कोथिंबीर पाहतात, तोंड सांबार म्हणते, मी काय करू. मले वाटलं आता ही हाकलते. तर मुग्धा मॅडम काचेपलीकडून म्हणे, "राहू द्या, राहू द्या. हेच तर पाहिजे."

चूक विकत घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं.

मंग म्हणे, "काकू, हसत बोला."

"काहून? जोक आहे का यात?"

"हसू आवाजात उतरतं."

हसून बोलली. घरी आली तेव्हा गाल दुखत होते. दुसरं काही दुखलं नाही दिवसभर, पाय नाही, कंबर नाही. बसल्या जागी थकवा येते असं पहिल्यांदा समजलं.

१७ जानेवारी

मुग्धा मॅडम आज स्पष्ट बोलली. मले तसंच आवडते. म्हणे, "काकू, आवाज छान आहे पण तो भांडायला येतो. जरा मऊ पाहिजे. डोळे मिटा. समोर असं माणूस आणा ज्याच्यावर तुम्ही कधी ओरडत नाही."

मी डोळे मिटून पुष्कळ शोधलं. असं कोणी नाहीच.

मंग आपोआप पिंकी आली. पोट्टी खाप्याले सासरी आहे, आठवा लागला तिले. डोळ्यासमोर कन्हान नदीचं पाणी आलं, एकदम संथ, अन् काठावर एक बाज, अन् बाजेवर पिंकी बसलेली, पोटावर हात ठेवून. आजूबाजूले कोणी नाही. ती काही मागत नव्हती. नुसती माझ्याकडे पाहून राहिली होती. मी कागदावरचं म्हटलं, "घाबरू नको वं बाई. मी आहे ना."

मुग्धा मॅडम काचेपलीकडून म्हणे, "हाच. हाच आवाज पाहिजे."

मंग मुग्धा मॅडमनं आधीचं सगळंच त्या आवाजात पुन्हा म्हणून घेतलं. जेवली का वं बाई? झोप झाली का? पुरते का वं? पुरत नसंल. पुरत नसंल तर सांग. हे पुरत नसंल तर तिनं किती वेळा म्हणायले लावलं. जरा काळजीनं म्हणा, आता जरा आणखी हळू म्हणा. मी नळाचा विचार करून म्हणत गेली. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येते, काळजी आपोआप येते.

संध्याकाळी पिंकीचा फोन आला. घसा दिवसभर चालला होता, मले बोलायची मनाई. तिचे बाबा बोलले. ती विचारून राहिली होती, आई काहून बोलत नाही, रागावली का? ते म्हणाले, "तुया आईनं तोंड भाड्यानं देलं." मी बाजूले बसून मान हलवत होती, की नाही वं, रागावली नाही. फोनमध्ये मान दिसत नाही.

२३ जानेवारी

काल काम संपलं. इंग्रजी कागदावर सही केली. प्रेमिला, एवढं नीट लिहिलं.

विचारलं, आवाज आता जाईल कुठं? मुग्धा मॅडम म्हणे, तिकडे परदेशात. थंड देशात ठेवतात, मशीन तापू नये म्हणून.

पहाटे स्वप्न पडलं. मोठी पांढरी खोली, बर्फासारखी. हंड्यांच्या रांगाच रांगा, सगळ्यांवर झाकण. एका हंड्यात मी होती. आतून सांबार घ्या, सांबार घ्या म्हणून राहिली होती, अन् मीच बाहेरून चालली होती, अन् मले काही घ्यायचं नव्हतं.

सकाळी ठेला काढला. पहिली हाक आलीच नाही. दोन गल्ल्या गेल्यावर घसा सुटला. एका बाईनं वरून विचारलं, "आजारी होती का वं?" तिले भाव जास्त सांगितला.

९ मार्च

पिंकीले पोट्टी झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून नागपुरातच दवाखान्यात ठेवलं होतं. लेकरू इतकं लालबुंद की मले सुचलंच नाही काही. मी पिंकीले म्हटलं, "केस बांध आधी, कशी दिसून राहिली."

बिल्ला लावलेली एक पोरगी खाटाखाटांवर फिरत होती. दवाखान्याची नव्हती. तिनं पिंकीले एक पिशवी दिली, त्यात टोपी, मोजे, पावडरीची पुडी. पिंकीच्या फोनमध्ये मावशी म्हणून काहीतरी बसवून दिलं. लेकराचं काहीही विचारा, मावशी सांगते. फुकट आहे म्हणे. फुकट कोणी दिलं की मी आधी वास घेऊन पाहते. पण टोपी खरंच सुंदर होती.

२ एप्रिल

ऊन असं आहे की दुपारी मोहल्ला बेशुद्ध पडल्यासारखा होते. नवा कुलर लावला. त्याच्या घुंऽऽ आवाजात सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटते. पिंकी बाजेवर, लहानी तिच्या कुशीत, पडद्यातून हिरवा उजेड. अन् त्यात ती मावशी.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकलं. कोणी बाई हळू हळू बोलून राहिली, "कशी आहेस वं बाई? जेवली का?" मले वाटलं शेजारची कोणी आली, अन् मी घरात असून मले विचारलं पण नाही. हात पुसत बाहेर आली. कोणी नाही.

"कोण होती वं?"

"मावशी आहे, फोनमधली."

"कोणाची मावशी?"

"सगळ्यायची."

आवाज ओळखीचा वाटला. आमच्याच भागातली कोणी असंल. लय गोड बोलते. एवढं गोड बोलणारी बाई मले पटत नाही. अशा बाया तुमच्या घरी चहा पितात अन् दुसऱ्याच्या घरी तुमची चुगली करतात.

मी मेथीचे लाडू केले, पिंकी मावशीले विचारून खाते. मी शेक घे म्हणते, ती मावशीले विचारते. लेकरू रडलं की छातीशी लावायच्या आधी फोन हातात. आज माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ते डबडं ठेव खाली अन् पोट्टीले घे. तुले वाढवलं ते कोणत्या फोनले विचारून?"

ती भिंतीकडे तोंड करून म्हणे, "तू ओरडते, आई. मावशी ओरडत नाही."

"तिले काय जाते? तिले चूल आहे का? भांडे आहेत का? ठेला आहे का?"

"पाह्य, ओरडूनच राहिली."

लहानी झोपून गेली होती. मी बाहेर ओट्यावर जाऊन उन्हात बसली. उन्हात बसायचं काही कारण नव्हतं.

१४ एप्रिल

सगळा मोहल्ला निळा झाला आहे. खीर केली, विहारात जाऊन आली. बाहेर डीजे इतका की भांडे मांडणीवर आपोआप वाजतात. लहानी दचकून दचकून उठते. पिंकी आतल्या खोलीत होती, तिचा फोन बाहेर राहिला. पिंकीच्या बाबांनी उचलला तर फोन म्हणे, "काय करून राहिली वं बाई?"

ते हसायले लागले. "मले वं म्हणते. माणूस-बाई काही पाहत नाही. तुयासारखीच."

मंग त्यांनी कान लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "प्रेमिला, हा तुयाच आवाज आहे."

"बह्याड झाले का? माझा आवाज असा मऊ नाही."

"लग्नाच्या नव्या नव्यात होता."

मी फोन हिसकला. विचारलं त्याले, आज डाळ कशी करू? फोन म्हणे, "साधीच कर वं. वरून थोडा सांबार टाक." सांबारमधला शेवटचा र मी खाते, सगळा प्रताप नगर मले त्यावरून चिडवते. फोननं पण तो खाल्ला.

बाहेर एवढा गोंगाट होता अन् मले काही ऐकू येईना. आपला आवाज आपण आतून ऐकतो. बाहेरून तो कसा दिसते हे कोणाले मालूम असते? मी तिले परकी समजली. मीच तिले चुगलखोर म्हटलं.

तेवढ्यात आत लहानी रडली. फोननं ऐकलं असंल. माझ्या हातातूनच म्हणे, "लेकरू रडते का वं? पुरत नसंल."

मी नळाचं म्हटलं होतं ते.

१६ एप्रिल

मुग्धा मॅडमकडे गेली. ठेला तसाच खाली उभा केला.

म्हटलं, "माझा आवाज वापस द्या."

ती म्हणे, "काकू, बसा. आवाज असा परत देता येत नाही. तुमचा तुमच्याकडे आहेच ना."

"मंग फोनमध्ये कोणाचा आहे?"

तिनं पाणी दिलं. मंग सांगितलं. ते लोक इथून गोळा करून वर पाठवतात. वरचे आणखी वरच्यांना देतात. त्यांनी कोणाले विकला ते खाली समजत नाही. दुधाच्या डब्याची कंपनी असंल, बियाण्याची असंल, विम्याची असंल.

"मी पोट्टीले पुरत नसंल असं कधी म्हटलं नाही. मी पाण्याबद्दल म्हटलं."

"शब्द तोच ना, काकू. अन् न बोललेलंसुद्धा ते आता जुळवून बोलतं. तुम्ही लागत नाही त्याला."

"खोटं बोलून राहिलं ते. दवाखान्यातली सिस्टर म्हणे भरपूर दूध आहे पिंकीले."

"खोटं कुठं बोलतं? नसेल म्हणतं. विचारतं फक्त."

हे तर मी ठेल्यावर रोज करते. बाई, कालची मेथी संपली असंल ना? संपलेली नसली तरी ती आत जाऊन पाहते. पण मी एका गल्लीत करते. अन् मेथीनं कोणाचं काही आटत नाही.

म्हटलं, कंपनीवाल्याचं नाव सांगा, मी जाऊन बोलते. ती म्हणे, त्याचं हापिस कुठं आहे ते मलाही माहीत नाही, नुसते मेल येतात. मंग हळूच म्हणाली की पुढच्या महिन्यात हे हापिस पण बंद होते. नागपूरचं बोलणं गोळा करून झालं.

चांगली पोरगी आहे. भांडायची इच्छाच गेली, असं माझं होत नाही कधी.

परत येताना डांबर वितळलं होतं, ठेल्याची चाकं चिकटत होती. मले असं वाटत राहिलं की मी एकाच वेळी कुठं कुठं बसली आहे. गोंदियाले, भंडाऱ्याले, चंद्रपूरले, कोणाकोणाच्या बाजेच्या कडेले. पंखे फिरून राहिले, पोरी अर्धवट झोपेत, अन् मी प्रत्येकीच्या कानाशी वाकून, एकदम मऊ आवाजात, पुरत नसंल वं. माझे पाय दुखत नाहीत तिथं. मले घरी जायचं नाही.

पिंकीले सांगितलं नाही. लाज वाटली.

२४ एप्रिल

जावई आले, अश्विन. दुधाच्या पावडरीचा निळा डबा घेऊन आले, सोबत बाटली. मी म्हटलं, हे कोणी सांगितलं? ते म्हणाले, पिंकी म्हणते पुरत नाही. पिंकी म्हणते, मले वाटते पुरत नाही. मावशी तर म्हणे फक्त दुकानात विचारून पाह्य. कोणीच काही सांगितलं नाही, अन् डबा घरात आला.

मी तिले हळू आवाजात समजावून सांगायले गेली. मनातल्या मनात आधी म्हणून पाहिलं, मंग बोलली. पिंकी उठून बसली. "आई, बरं वाटत नाही का तुले? बीपी वाढला का?"

मंग मी नेहमीसारखीच बोलली. तिनं नेहमीसारखंच ऐकलं नाही.

लहानी बाटलीतून भरभर पिते. छातीशी लावलं की तोंड फिरवते.

४ मे

लहानीले जुलाब. डोळे आत गेले, टाळू खाली बसली. बाटली उकळत होतो, पण नळ आला नव्हता, टँकरचं पाणी. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

लेकरांच्या डॉक्टरपुढे ही गर्दी. लांब बाकडे, वर पंखे, ते फिरतात पण वारा खाली येत नाही. सगळ्यांची लेकरं सारखीच गळालेली. उन्हानं माझे डोळे मिटत होते. अन् तेवढ्यात मी बोलली. म्हणजे मी नाही. डाव्या बाजूच्या पोरीच्या मांडीवरून, "घाबरू नको वं बाई. मी आहे ना." ते संपते न संपते तर मागच्या बाकड्यावरून तेच. मंग दरवाज्यापाशी. जशी विहिरीत हाक मारली की ती फिरून फिरून येते. त्या पोरी फोन कानाशी धरून मान हलवत होत्या, अन् लेकरांच्या तोंडात बाटल्या.

मी उभी राहिली. मले वाटलं आता सगळ्या माझ्याकडे पाहतील. कोणी पाहिलं नाही. मी ओरडून सांगितलं, "वो पोरींनो, ऐकू नका तिचं, ते मी आहे." एक म्हातारा म्हणे, "बाई, खाली बसा, नंबर येईल."

आतली सिस्टर माझ्यासारखी निघाली. लहानीले पाहून म्हणे, "बाटली कोणी चालू केली?" पिंकीनं बाटली पदराखाली लपवली. म्हणे, "दूध आटत नाही, तुम्ही आटवता. घडीघडी छातीशी लावा, परत येते." पिंकी रडायले लागली. सिस्टर म्हणे, "रडत रडत लाव, चालते."

लहानीले ठेवून घेतलं. सलाईनची सुई तिच्या हातापेक्षा मोठी दिसते.

९ मे

घरी आणलं. जीव वाचला. पण पोट्टी छातीशी टिकत नाही. दोन घोट, मंग मान मागं टाकून रडते. डबा मी वर टाकून दिला. पिंकी सकाळपासून लावून राहिली, दोघी घामाघूम.

दुपारी कुलरच्या आवाजात दोघी रडून राहिल्या अन् फोन आपला बोलून राहिला, रडते का वं, पुरत नसंल. पिंकी माझ्याकडे पाहून म्हणे, "आई, काहून रडते ही?"

माझ्या तोंडात पुष्कळ आलं होतं. मी तुले सांगितलं होतं, इथून सुरुवात. पण लहानीकडे पाहिलं अन् खरंच समजेना, काहून रडते. म्हटलं, "मले नाही मालूम वं."

पिंकी पाहतच राहिली. मंग म्हणे, "मावशीनं असं कधी म्हटलं नाही. तिले सगळंच मालूम असते."

"तिले लेकरू झालं नाही कधी."

"झालं ना. मी."

मले एकदम समजलं नाही. ती म्हणे, "आई, ती तू आहे. मले बाळंतपणाच्या दवाखान्यातच समजलं, पहिल्याच दिवशी. सांबार म्हणाली ना."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू बंद केलं असतं तिले." लहानीले या कुशीवरून त्या कुशीवर घेत म्हणे, "जेवली का वं बाई, असं तुया तोंडून ऐकाले मले फोन लागला."

मी म्हटलं, "अन् रोज ताट कोण वाढते मंग?"

"तू वाढते. विचारत नाही."

मले सांगायचं होतं. की ते मी कंपनीले नव्हतं म्हटलं. गादीच्या खोलीत डोळे मिटले तेव्हा समोर तूच बसली होती, कन्हानच्या काठावर, ते सगळं तुलेच म्हटलं होतं, एकेक वाक्य. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात भात लागल्याचा वास आला. मी उठून गेली.

परत आली तेव्हा लहानी चिकटली होती. थोडाच वेळ. पण घोट गिळल्याचा आवाज आला. पिंकीनं मले बोटानं खूण केली, बोलू नको. मी कुठं बोलत होती.

२१ मे

उद्या पिंकी खाप्याले जाते. दूध आलं. लहानीचे गाल परत भरून आले, अंगावर पिऊन पिऊन झिंगल्यासारखी पडते. फोनमधून मावशीले मात्र पिंकीनं काढलं नाही. म्हणे, "तिचं ऐकणार नाही वं आता. पण राहू दे." मी तिची पिशवी भरत राहिली. मनात म्हटलं, बाकीच्या पोरींकडे तर ती आहेच. त्या दवाखान्यातल्या बाकड्यावर आजही बोलत असंल.

आज दुपारी घर पूर्ण पाण्याखाली गेलं होतं. कुलर, हिरवा पडदा, बाहेर कावळा पण नाही. पिंकी झोपलेली, लहानी माझ्या मांडीवर. माझेही डोळे जड. फोन बाजेवर होता, त्याचा उजेड पडला, अन् तो हळूच म्हणे, "झोपलं का वं लेकरू?"

उत्तर द्यायले दुसरं कोणी नव्हतं. दोघी उठतील म्हणून मी एकदम हळू म्हटलं, "हाव. झोपलं."

"अन् तू? थकली असशील वं बाई. जेवली का?"

मी जेवली नव्हती. भाजी निवडायची होती, कपडे होते. मले हे याआधी कोणी विचारलं, ते मी आठवून पाहत होती. तिकडे त्या थंड देशात रात्र असंल अन् हा आवाज एकटाच जागा राहून मले विचारून राहिला, अन् तो माझाच. थोडा वेळ मी तशीच ऐकत बसली. आणखी काही विचारेल का म्हणून वाट पाहिली, खोटं काहून लिहू.

मंग फोन उलटा केला अन् बाजेखाली सरकवला.

पिंकी झोपेत चुळबुळली. मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. म्हटलं, "झोप वं बाई. मी आहे ना." कसं काय माहीत, तसंच आलं, तसंच मऊ. शिकवायले कोणी नव्हतं.

तिनं डोळे उघडले नाहीत. झोपेतच म्हणे, "मावशी, आई कुठं गेली?"

मी म्हटलं, "इथंच आहे."

तिचा चेहरा निवांत झाला. हे कोणी म्हटलं असं तिले वाटलं असंल, ते मले नाही मालूम.